आर. के. जोशी: ‘मंगल’ फॉन्टमागचा माणूस आणि अक्षरं काढायच्या सॉफ्टवेअरचा वाद

इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत मी कन्हानला घरी आलो की हायवेवरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात बसायचो. तिथे कॉम्प्युटरवर काम करणारे काका आधी पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची नावं, भिंतीवरच्या जाहिराती हे सगळं त्यांनी ब्रशनं केलेलं. फ्लेक्स आला, पाट्यांचं काम बसलं, आणि पन्नाशीच्या आसपास त्यांनी हातात माउस घेतला. ब्रशनं ‘न’ काढायला त्यांना दोन सेकंद लागायचे. स्क्रीनवर तोच ‘न’ वेगळ्या वळणाचा हवा असला, तर ते एकेक बिंदू क्लिक करत, प्रत्येक बिंदूच्या दोन मिश्या ओढत, पंधरा मिनिटं झगडायचे आणि शेवटी तयार फॉन्ट लावून मोकळे व्हायचे.

मी त्यांना म्हणायचो, काका, सवय होईल. सॉफ्टवेअर कठीण नाही, शिकावं लागतं. तेव्हा हे बोलणं मला फार शहाणपणाचं वाटायचं.

नोकरी लागल्यावर डिझाइनच्या टूल्सवर काम करायची वेळ आली. तेव्हा कळलं, की हा वाद आमच्या कन्हानच्या दुकानातला नाही. ब्लेंडरवाले, गिंपवाले, फोटोशॉपवाले सगळे यावर वर्षानुवर्षं भांडतायत. एक बाजू म्हणते, सॉफ्टवेअर ताकदवान आहे तर इंटरफेस अवघड असणारच, शिका. दुसरी म्हणते, सोपं करा, नाहीतर लोक निघून जातील. ब्लेंडरमध्ये वस्तू निवडायला डावं क्लिक की उजवं, एवढ्याशा गोष्टीवर लोक किती वर्षं भांडले! शेवटी २०१९ मध्ये २.८० आवृत्तीत डावं क्लिक हे डिफॉल्ट झालं, तरी उजव्या क्लिकवाले अजून हार मानत नाहीत.

हे सगळं वाचत असताना मला एक मराठी माणूस सापडला, ज्याचं आयुष्य या वादाच्या मधोमध गेलं. त्यांनी काढलेली अक्षरं तुम्ही हजारदा वाचली असतील. नाव बहुधा ऐकलं नसेल.

रघुनाथ कृष्ण जोशी. डिझाइनच्या जगात आर. के. जोशी.

जाहिरातीतून आयआयटीत

जोशींचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण घेऊन ते जाहिरात क्षेत्रात गेले. आधी डी. जे. कीमर, मग उल्का. उल्कामध्ये ते आर्ट डायरेक्टर होते. त्या काळी जाहिरातीचं इंग्रजी शीर्षक हवं असलं की टाइपची पुस्तकं उघडून शंभर नमुन्यांतून एक निवडता यायचा. मराठी किंवा हिंदी शीर्षकासाठी नमुने मोजकेच. मग अक्षरं हातानंच काढायची. म्हणजे कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी, रोजच्या कामातच, त्यांना एक गोष्ट दिसत होती: इंग्रजीला जे आयतं मिळतं, ते आपल्या लिपीला दरवेळी नव्यानं घडवावं लागतं.

ते कवीही होते. मराठीत लघुनियतकालिकांची चळवळ जोरात होती त्या काळात त्यांनी अक्षरांच्या आकारातूनच अर्थ उभा राहील अशा कविता केल्या. साठच्या दशकात सगळ्या भारतीय भाषांना चालेल अशी एक समान लिपीही सुचवली, तिचं नाव देशनागरी. ती वापरात आली नाही. (खरं सांगायचं तर अशा लिप्या येतही नाहीत. लोक आपली लिपी सहजासहजी सोडत नाहीत.) पण ती करताना त्यांनी भारतीय लिप्यांचे सांगाडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले होते, आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

१९८३ मध्ये ते पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे आयडीसीत, शिकवायला गेले. जाहिरातीतली चांगली जागा सोडून शिक्षक होणं हा वरवर पाहता तोट्याचा सौदा. पण आयआयटीत कॉम्प्युटर होते, आणि अक्षरं आता कॉम्प्युटरवर जाणार हे तोवर उघड झालं होतं. प्रश्न एवढाच होता, की ती तिथे कशी जाणार, आणि कोणाच्या हातानं.

अक्षर कडेनं काढायचं की कलमानं?

इथे थोडं तांत्रिक थांबूया, कारण खरा वाद इथे आहे.

कॉम्प्युटरला अक्षर सांगायचे तेव्हा मुख्य दोन रस्ते होते. पहिला, अक्षराची कडा सांगायची. जर्मनीत हॅम्बुर्गला पीटर कारो यांनी सत्तरच्या दशकात ‘इकारस’ नावाची प्रणाली केली. मोठ्या कागदावर अक्षर काढायचं आणि त्याच्या कडेवरचे बिंदू एका उपकरणानं टिपत जायचं. पुढे १९८६ मध्ये मॅकवर ‘फॉन्टोग्राफर’ आलं, आणि बिंदू व त्यांच्या मिश्या ओढून कडा वाकवायची पद्धत घरोघरी पोचली. आज फॉन्ट बनवायचं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर असंच चालतं. फोटोशॉपमधलं पेन टूल, फोनवरच्या ॲपमधलं कर्व्ह टूल, सगळी याच घरातली.

गंमत बघा. त्याला ‘पेन टूल’ म्हणतात, पण ते पेनासारखं चालत नाही. पेन रेघ काढतं. हे टूल रेघेच्या दोन्ही बाजूंचं कुंपण घालतं.

दुसरा रस्ता डोनाल्ड नुथ यांचा. १९७९ च्या सुमारास त्यांनी ‘मेटाफॉन्ट’ लिहिलं. त्यात खरंच कलम होतं. कलमाचं टोक किती रुंद, किती तिरकं, आणि ते कोणत्या वाटेनं फिरेल हे सांगायचं, अक्षर आपोआप तयार. कल्पना फार सुंदर. अडचण एकच: हे सगळं प्रोग्राम लिहून सांगायचं. समीकरणं मांडायची. अक्षरं काढणारे कलाकार या गोष्टीपासून लांबच राहिले. हरमान झाप्फसारखे मोठे अक्षरकार नुथ यांच्यासोबत काम करायला तयार झाले, तेही कागदावर अक्षरं काढून देत. कोड दुसरे लिहीत.

देवनागरीचं काय? ही लिपी मुळात बोरूची. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, आणि रोमन लिपीच्या कलमापेक्षा उलट्या बाजूला. म्हणून आपल्या अक्षरात जाड कुठे, बारीक कुठे याचा हिशेब रोमनच्या उलट पडतो. ‘क’चं पोट, ‘ल’ची वळणं, ‘श’ची गाठ ही कलम फिरताना आपोआप जाड-बारीक होतात. लिहिणाऱ्याच्या हातात तो हिशेब असतो, त्याला तो मांडून दाखवावा लागत नाही. कडेच्या पद्धतीत मात्र प्रत्येक जाडी बाहेरून आणि आतून, दोनदा, बिंदू ठेवून जमवावी लागते. एक बिंदू हलला की बोरू डगमगल्यासारखा दिसतो.

मुंबईत यावर आधीपासून विचार चालू होता. पिजुष घोष या संशोधकानं १९८३ मध्ये स्टॅनफर्डला भारतीय लिप्यांच्या टाइप डिझाइनवर अहवाल लिहिला होता, आणि कलमाचा आकार व त्याची वाट यांचं गणित हा त्यांचा विषय होता. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही सरकारी संस्था होती. तिथला ग्राफिक्सचा गट आणि जोशी यांचं सूत जुळलं. त्यातून ‘विन्यास’ नावाची प्रणाली आली.

विन्यासचा विचार असा होता: पडद्यावर आधी कलम निवडा, मग त्याची वाट आखा, आणि जाड-बारीक काय होतंय ते तिथल्या तिथे बघा. मेटाफॉन्टचं कलम, पण कोड न लिहिता. कडेचं कुंपण नाही, आणि समीकरणंही नाहीत. ज्याचा हात बोरूवर बसलाय, त्याला आपला हात पडद्यावर ओळखू यावा.

हे वाचलं तेव्हा मला दुकानातले काका आठवले. मी त्यांना नवशिक्या समजत होतो. सॉफ्टवेअरही त्यांना नवशिक्याच समजत होतं. तीस वर्षं अक्षरं काढलेला माणूस, पण त्याला जे येतं ते विचारायची त्या पडद्यावर सोयच नव्हती. अवघड इंटरफेस हवा की सोपा, या भांडणात हा मुद्दा निसटतो. फॉन्टोग्राफर नवशिक्याला अवघड होतं हे खरं, पण बोरूच्या उस्तादालाही ते तेवढंच अवघड होतं. त्याची उस्तादी मोजायला तिथे काही नव्हतंच.

मग विन्यास जगभर का चाललं नाही? इथे मला कडेवाल्यांची बाजूही मांडायला हवी, कारण इंजिनिअर म्हणून ती मला पटते. कलमानं काढलेलं अक्षर सुंदर असतं, पण छापायचा फॉन्ट म्हणजे फक्त सुंदर अक्षर नाही. लहान आकारात ‘श’ची गाठ बुजते, तिथे आतली पोकळी थोडी मोठी करावी लागते. दोन रेघा मिळतात तो कोपरा काळा दिसतो, तिथे किंचित खरवडावं लागतं. काना आणि शिरोरेषा मिळते तिथे तसंच. या दुरुस्त्या कलमाच्या नसतात, कोरणीच्या असतात, आणि धातूचे खिळे पाडणारे कारागीरही तेच करायचे. कडेचे बिंदू हातात असले की हे एका मिनिटात होतं. शिवाय प्रिंटर आणि ऑपरेटिंग सिस्टिम शेवटी कडाच मागत होते. बाजार मोठा होता रोमन लिपीचा, टूल्स त्यांच्या सवयीची झाली, आणि बाकीच्यांनी जुळवून घेतलं.

माझं मत विचाराल तर आधी कलम, मग कोरणी, असा क्रम हवा होता, आणि दोन्हींची सोय एकाच पडद्यावर. आजच्या काही सॉफ्टवेअरमध्ये रेघ काढून नंतर तिची कडा करून घेता येते. विन्यासचा विचार त्याच दिशेचा होता.

बारा पिक्सेलमध्ये मराठी

१९९६ मध्ये जोशी आयडीसीतून निवृत्त झाले आणि एनसीएसटीत डिझाइनतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये सामावली गेली. साठी ओलांडल्यावर त्यांच्याकडे ते काम आलं, ज्यामुळे ते तुमच्या-माझ्या घरात पोचले.

मायक्रोसॉफ्टला विंडोजमध्ये भारतीय भाषा आणायच्या होत्या. युनिकोड आलं होतं. त्याआधी आपले फॉन्ट कसे चालायचे ते आठवतंय का? कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवलेलं असायचं. ‘डी’ दाबला की ‘क’. कॉम्प्युटरला वाटायचं तुम्ही इंग्रजीच लिहिताय. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर म्हणजे नुसता कचरा. युनिकोडनं ‘क’ला त्याचा स्वतःचा क्रमांक दिला. पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक आले की ‘क्ष’ दाखवायचा, र आणि हलन्त आधी आला की पुढच्या अक्षरावर रफार चढवायचा, ऱ्हस्व वेलांटी टाइप नंतर होते पण दाखवायची आधी: हे सगळं फॉन्टच्या आत नियम आणि आकार म्हणून भरावं लागतं. त्यासाठी ओपनटाइप हे तंत्र होतं.

विंडोज २००० सोबत देवनागरीसाठी ‘मंगल’ आला. टाइप डायरेक्टर आर. के. जोशी, सोबत विनय सायनेकर. तेलुगूसाठी ‘गौतमी’, कन्नडसाठी ‘तुंगा’, गुजरातीसाठी ‘श्रुती’, गुरुमुखीसाठी ‘रावी’, तमिळसाठी ‘लता’ अशी फॉन्टची माळच जोशींच्या देखरेखीखाली तयार झाली. साठच्या दशकात लिप्यांचे सांगाडे शेजारी ठेवून पाहणाऱ्या माणसाला याहून योग्य काम ते कोणतं?

पण कामाची अट बघा. तेव्हाचे पडदे आजच्या फोनसारखे नव्हते. विंडोजच्या हिशेबात एका इंचात ९६ पिक्सेल. मेन्यूमधला ९ पॉइंटचा मजकूर म्हणजे गणितानं उंची १२ पिक्सेल. इंग्रजीला तेवढं पुरतं. मराठीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, आणि जोडाक्षर असेल तर आणखी एक मजला. हे सगळं त्याच बटणात, त्याच मेन्यूच्या ओळीत बसवायचं, कारण मेन्यूची उंची इंग्रजी धरून ठरलेली.

बोरूच्या जाड-बारीक खेळाला इथे फारसा वाव नाही. शिरोरेषा एका पिक्सेलची, नाहीतर दोन. दीड पिक्सेल नसतो. कोणती रेघ कोणत्या पिक्सेलवर चिकटेल हे फॉन्टमध्ये सूचना लिहून सांगावं लागतं. आयुष्यभर कलमाच्या बाजूनं बोललेल्या माणसानं इथे इंटरफेसच्या अटीत राहून काम केलं. मंगल दिसायला साधा आहे, काहींना तो कोरडा वाटतो, ओळींमधलं अंतरही जास्त घेतो. पण तो वाचता येतो. पुढे सरकारी कचेऱ्यांपासून सायबर कॅफेपर्यंत, कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी म्हणजे मंगल, असं समीकरणच झालं. आजही टायपिंगच्या परीक्षांच्या जाहिरातीत ‘मंगल’ लिहिलेलं दिसतं आणि मुलांना वाटतं तो कीबोर्ड आहे. (तो कीबोर्ड नाही. कीबोर्डची मांडणी म्हणजे इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन. मंगल हा नुसता अक्षरांचा आकार.)

एनसीएसटीत जोशींनी केलेलं ‘रघु’ हे देवनागरीचं अक्षरवळण मुक्त परवान्याखाली दिलं गेलं, म्हणजे लिनक्सवाल्यांनाही ते घेता आलं. वैदिक संस्कृतच्या स्वरचिन्हांचा प्रश्नही त्यांनी हाती घेतला होता. आणि शेवटच्या वर्षांतल्या कामात त्यांचा भर परत एका जुन्या गोष्टीवर आला: आपल्या लिपीचं एकक म्हणजे एकेक सुटं चिन्ह नाही, पूर्ण अक्षर आहे. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर आहे. कॉम्प्युटरच्या साठवणुकीत ते सहा तुकडे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. फोनवर ‘स्त्री’ लिहून बॅकस्पेस दाबून बघा. बहुतेक कीबोर्डवर ती एका फटक्यात पुसली जात नाही, तुकड्या-तुकड्यानं जाते. कर्सर कुठे थांबावा, बॅकस्पेसनं काय खावं, हे इंटरफेसचे प्रश्न आहेत, आणि अक्षर म्हणजे काय यावर त्यांचं उत्तर ठरतं.

फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं. सत्तरी ओलांडली होती.

तो वाद आज कुठे आहे

आता पडदे बारीक झाले. तुमच्या अँड्रॉइडवर बहुतेक नोटो दिसतो, आयफोनवर कोहिनूर. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि त्यांत वळणांना भरपूर मोकळीक आहे. पण मोठ्या क्रिएटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये शिरलात की जुनी गाठ परत पडते. फोटोशॉपच्या बऱ्याच आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाइप केलं की वेलांट्या सुटायच्या आणि जोडाक्षरं फुटायची. उपाय होता, पण तो सेटिंग्जमध्ये टाइपच्या पानावर: मजकुराचं इंजिन बदलून मध्यपूर्व आणि दक्षिण आशियासाठीचं निवडायचं आणि नवीन फाइल उघडायची. इनडिझाइनमध्ये तसंच, परिच्छेदाच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडायचा. म्हणजे मराठी नीट दाखवायची ताकद सॉफ्टवेअरमध्ये होती. फक्त ती चालू करायचं बटण अशा ठिकाणी, जिथे शोधायचं हे आधी माहीत असल्याशिवाय कोणी जाणार नाही. हे वाचताना पिक्सेललॅबमध्ये बॅनर करणारे आणि फॉन्ट कन्व्हर्टर वापरून वैतागलेले बरेच जण मान हलवत असतील.

आणखी एक. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. युनिकोडमध्ये क्रमांक एकच, वळण फॉन्टच्या हातात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी रूप येतं. पण भाषा सांगायची सोय बहुतेक फोनवरच्या डिझाइन ॲपमध्ये नसते. राज्य सरकारनं २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा शासननिर्णय काढून अक्षरांची रूपं ठरवून दिली, तरी ॲपमध्ये तो पर्याय आपोआप उगवत नाही. कोणीतरी इंटरफेसमध्ये जागा करावी लागते.

मागच्या दिवाळीत कन्हानला गेलो तेव्हा काकांना एक टॅबलेट आणि त्याचं पेन दाखवलं. ब्रशचं टोक रुंद आणि तिरकं करता येतं, असं एक ॲप त्यात होतं. कोन मूळचा रोमनसाठी ठेवलेला होता, तो उलटा फिरवून दिला. काकांनी चष्मा वर केला, दोन-तीन रेघा ओढून अंदाज घेतला आणि मग ‘न’ काढला. एका दमात. थोडा वेळ बघत बसले. मग म्हणाले की गाठ जरा जास्तच भरली, आणि ती आतून कोरायचं बटण कुठे आहे ते मला विचारू लागले.